सी भाषेत अनेक फाइलींमध्ये ग्लोबल व्हेरिएबल: एक्स्टर्न कोठे लिहायचे आणि मालकी कोणाकडे ठेवायची

आपला प्रश्न मी समजलो तो असा. टाकीतील पाण्याची पातळी पाहून विहिरीवरील मोटार चालू-बंद करणारा प्रोग्राम आपण सी भाषेत लिहिला आहे. सध्या त्याची चाचणी संगणकावर चालू आहे आणि पुढे तो एटीमेगा३२८पी या चिपवर टाकायचा आहे. एक मोठी फाइल सांभाळणे कठीण झाले म्हणून आपण मेन.सी, सेन्सर.सी, मोटार.सी आणि डिस्प्ले.सी अशा चार फाइली केल्या आणि सर्वांना लागणारी 'इंट पातळी;' ही ओळ कॉमन.एच या हेडरमध्ये ठेवली. कॉलेजच्या प्रयोगशाळेतील उबुंटू १८.०४ वर हे चालले, पण गावी घरच्या लॅपटॉपवर, जेथे उबुंटू २२.०४ आहे, 'मल्टिपल डेफिनिशन' हा दोष आला. हेडरला इन्क्लूड गार्ड असूनही तो गेला नाही. मग कोणाच्या तरी सांगण्यावरून आपण त्या ओळीला 'स्टॅटिक' लावले. दोष गेला, पण आता सेन्सर ८० टक्के पातळी मोजतो तरी मोटार थांबत नाही. एक्स्टर्न नेमके कोठे लिहावे, आणि वीज जाऊन आल्यावर ग्लोबल व्हेरिएबलमधील किंमत का टिकत नाही, असे आपण विचारले आहे.

आधी सरळ उत्तर देतो. नावे येथे देवनागरीत लिहीत आहे. आपल्या फाइलींत ती रोमन अक्षरांत असतील. कॉमन.एच मध्ये 'एक्स्टर्न इंट पातळी;' एवढेच लिहावे आणि तेथे कोणतीही किंमत देऊ नये. सेन्सर.सी मध्ये, सर्व फंक्शनांच्या बाहेर, एकदाच 'इंट पातळी = -१;' असे लिहावे. त्यानंतर चारही फाइलींमध्ये कॉमन.एच इन्क्लूड करावे, आणि त्यात सेन्सर.सी सुद्धा आली पाहिजे. ही शेवटची अट बहुतेक जण गाळतात. ती का महत्त्वाची आहे आणि शून्याऐवजी −१ का, हे पुढे सांगतो.

आपली अडचण मात्र एक्स्टर्न हा शब्द कोठे टाकावा एवढीच नाही. चार फाइली झाल्या तरी आपण त्यांच्याकडे अजून एकाच फाइलचे चार तुकडे म्हणून पाहत आहात, कंपायलर मात्र तसे पाहत नाही. तो एका वेळी एकच सी फाइल हातात घेतो, तिच्यातील प्रत्येक इन्क्लूडच्या जागी हेडरचा मजकूर जसाच्या तसा चिकटवतो, त्या एका फाइलचे भाषांतर करून ऑब्जेक्ट फाइल तयार करतो आणि सारे विसरून पुढील फाइलकडे वळतो. सेन्सर.सी वाचताना मोटार.सी अस्तित्वात आहे हे त्याला ठाऊकही नसते. चारही ऑब्जेक्ट फाइली एकत्र जोडण्याचे काम नंतर लिंकर करतो, आणि लिंकरपाशी सी भाषेचे ज्ञान जवळजवळ नसते. तो फक्त नावे जुळवतो.

इन्क्लूड गार्ड येथे का कामी येत नाही, हे यावरून लक्षात येईल. गार्डचे काम एकाच सी फाइलमध्ये तेच हेडर दोनदा चिकटले जाऊ नये एवढे पाहण्याचे आहे. दुसरी फाइल सुरू झाली की पाटी पुन्हा कोरी असते, गार्डचे चिन्ह नाहीसे झालेले असते, आणि 'इंट पातळी;' ही ओळ तेथेही चिकटतेच. त्यामुळे चार फाइलींत पातळीची चार डेफिनिशन झाली. गार्ड ठेवावेच, पण या दोषावर तो उपाय नाही.

डिक्लेरेशन आणि डेफिनिशन यांतील फरक मी शिकाऊ मुलांना खरेदीखतातील चतुःसीमेवरून सांगतो. आपल्या शेताच्या खतात पूर्वेच्या धुऱ्यापलीकडे अमुक गट नंबरचे वावर आहे असा उल्लेख असतो. त्या उल्लेखाने शेजाऱ्याचे वावर आपले होत नाही आणि नवी जमीनही निर्माण होत नाही. फक्त ते वावर कोठे तरी आहे आणि त्याचा नंबर काय आहे, हे नोंदले जाते. 'एक्स्टर्न इंट पातळी;' हा तसा उल्लेख आहे आणि तो कितीही फाइलींत येऊ शकतो. मेमरीतील जागा प्रत्यक्ष राखून ठेवणारी ओळ ही डेफिनिशन, आणि ती साऱ्या प्रोग्राममध्ये एकच असावी लागते. येथे एक सापळा आहे: 'एक्स्टर्न इंट पातळी = ५;' असे लिहिले की एक्स्टर्न हा शब्द असूनही ते डेफिनिशन ठरते, कारण किंमत देण्यासाठी जागा लागते. उबुंटूवरील जीसीसी हा सी कंपायलर यावर इशारा देतो, पण काम थांबवत नाही.

मग प्रयोगशाळेत हाच कोड कसा चालला? फंक्शनच्या बाहेर, एक्स्टर्न न लावता आणि किंमत न देता लिहिलेल्या 'इंट पातळी;' या ओळीला सी भाषेच्या प्रमाणात, म्हणजे तिच्या अधिकृत नियमपुस्तकात, तात्पुरती डेफिनिशन मानले जाते. त्या फाइलमध्ये पुढे कोठे खरी डेफिनिशन सापडली तर ठीक, नाही सापडली तर फाइल संपताना हीच ओळ शून्य किमतीची डेफिनिशन ठरते. प्रमाणानुसार आपल्या चार फाइलींत चार डेफिनिशन होतात आणि ते नियमाला धरून नाही. परंतु युनिक्सवरील जुने कंपायलर फोरट्रानच्या कॉमन ब्लॉकप्रमाणे अशी व्हेरिएबल एका सामायिक कप्प्यात टाकत असत आणि लिंकर एकाच नावाच्या सर्व नोंदी मिळून एकच जागा देत असे. ही सवलत इतकी रुळली की सी च्या प्रमाणाने परिशिष्टात तिची नोंद सर्वत्र आढळणारा विस्तार म्हणून केली आहे. जीसीसी ही सवलत पूर्वापार आपोआप देत असे. मे २०२० मध्ये आलेल्या जीसीसी १० पासून ती आपोआप मिळणे बंद झाले. उबुंटू १८.०४ सोबत जीसीसी ७ येतो आणि २२.०४ सोबत जीसीसी ११. म्हणजे आपला कोड दोन्ही ठिकाणी सारखाच चुकीचा होता. प्रयोगशाळेतील कंपायलरने तो चालवून घेतला एवढेच. हेडरमध्ये 'इंट पातळी = ०;' असे लिहिले असते, तर प्रयोगशाळेतही हाच दोष दिसला असता, कारण किंमत दिली की ती डेफिनिशन तात्पुरती राहत नाही.

'-एफकॉमन' हा पर्याय दिला की नवा जीसीसी पुन्हा जुन्यासारखा वागतो, असे आपल्याला कोणी सांगेल. ते खरे आहे. दुसऱ्या कोणाचा जुना, मोठा प्रकल्प एकदाच बांधून पाहायचा असेल तर मीही तो पर्याय देतो. स्वतःच्या, अजून घडत असलेल्या कोडमध्ये मात्र तो देऊ नये. सामायिक कप्प्यात एका फाइलने 'कॅर' आणि दुसरीने 'इंट' म्हटले, तरी लिंकर त्यांतील मोठा आकार घेऊन गप्प बसतो, आणि अशा चुका महिनोनमहिने दडून राहतात.

आता स्टॅटिकबद्दल, कारण आपली मोटार न थांबण्याचे कारण तेच आहे. फंक्शनच्या बाहेरील व्हेरिएबलला स्टॅटिक लावले की ते नाव त्या फाइलपुरते खाजगी होते. हेडरमध्ये स्टॅटिक लिहिल्यामुळे चारही फाइलींना पातळी नावाचे आपापले स्वतंत्र व्हेरिएबल मिळाले. नावे खाजगी असल्याने लिंकरला तक्रार करण्याचे कारण उरले नाही. सेन्सर.सी आपल्या प्रतीत ८० लिहिते, मोटार.सी आपल्या प्रतीतील शून्य वाचते, टाकी रिकामी आहे असे समजते आणि मोटार चालूच ठेवते. डिस्प्लेवरही शून्यच दिसत असणार. सेन्सरचा आकडा आपण सेन्सर.सी मधूनच छापून पाहिला असावा, म्हणून तो बरोबर दिसला. जी फाइल ते व्हेरिएबल वापरतच नाही, तेथे '-वॉल' हा इशारे दाखवणारा पर्याय दिल्यास न वापरलेल्या व्हेरिएबलचा इशारा मिळतो, पण जेथे ते वापरले जाते तेथे काहीच सांगितले जात नाही. लिंकरचा दोष कितीही त्रासदायक वाटला तरी तो टेबलावर बसूनच कळतो. स्टॅटिकमुळे झालेली ही चूक टाकी भरून पाणी वाहू लागल्यावर कळते.

याच कारणासाठी मी प्रारंभिक किंमत −१ सुचवली. शून्य ही पातळीची खरीखुरी शक्य असलेली किंमत आहे, त्यामुळे 'टाकी रिकामी आहे' आणि 'अजून कोणी मोजलेलेच नाही' या दोन गोष्टी शून्याने वेगळ्या ओळखता येत नाहीत. मोटार.सी मध्ये पातळी ऋण असेल तर मोटार सुरू करायची नाही अशी अट असती, तर चुकीच्या प्रतीतून वाचणारी मोटार सुरूच झाली नसती आणि चूक पहिल्या चाचणीतच उघडी पडली असती.

मालक फाइलनेही, म्हणजे जिच्यात डेफिनिशन आहे त्या सेन्सर.सी नेही, स्वतःचे हेडर का घ्यावे, ते आता सांगतो. समजा डिस्प्ले.सी मध्ये आपण हेडर न घेता हातानेच 'एक्स्टर्न फ्लोट पातळी;' असे लिहिले, आणि सेन्सर.सी मध्ये ती इंट आहे. कंपायलर दोन्ही फाइली एकत्र कधीच पाहत नाही आणि लिंकर फक्त नाव पाहतो, म्हणून सारे बिनतक्रार जुळते. चालवल्यावर मात्र ५० या पूर्णांकाचे बिट फ्लोट म्हणून वाचले जातात, शून्याच्या अगदी जवळची अतिसूक्ष्म संख्या मिळते आणि पडद्यावर ०.०००००० छापले जाते. अ‍ॅरेच्या बाबतीत याहून वाईट घडते: एका फाइलमध्ये 'कॅर नाव[२०]' आणि दुसरीत 'एक्स्टर्न कॅर *नाव' असेल, तर दुसरी फाइल अक्षरांनाच पत्ता समजते आणि प्रोग्राम कोसळतो. एक्स्टर्न हा शब्द फक्त हेडरमध्येच लिहायचा, सी फाइलमध्ये कधीही हाताने लिहायचा नाही, आणि मालक फाइलनेही ते हेडर घ्यायचे, एवढे पाळले की डिक्लेरेशन आणि डेफिनिशन एकाच वेळी कंपायलरच्या नजरेसमोर येतात आणि प्रकार जुळला नाही तर तो तेथेच अडवतो.

संशय आला की ऑब्जेक्ट फाइलवर एनएम ही आज्ञा चालवून पाहावी. कोणत्या फाइलमध्ये कोणते नाव कसे आहे, हे ती एका अक्षराने दाखवते. मोठा डी म्हणजे किंमत देऊन केलेले डेफिनिशन, मोठा बी म्हणजे शून्याने सुरू होणारे, सी म्हणजे तो जुना सामायिक कप्पा, यू म्हणजे नाव वापरले आहे पण जागा दुसरीकडे आहे, आणि लहान डी किंवा बी म्हणजे स्टॅटिक, खाजगी प्रत. आपल्या सध्याच्या कोडवर ती चालवली तर वेगवेगळ्या ऑब्जेक्ट फाइलींत पातळीपुढे लहान बी दिसेल. दुरुस्तीनंतर फक्त सेन्सरच्या फाइलमध्ये मोठा डी आणि बाकी वापरणाऱ्यांत यू दिसला पाहिजे. सर्वत्र यू असेल आणि डी किंवा बी कोठेच नसेल, तर 'अनडिफाइन्ड रेफरन्स' हा उलटा दोष येतो. तो बहुतेक वेळा डेफिनिशन लिहायचे राहिल्यामुळे किंवा कंपाइल करण्याच्या आज्ञेत एखादी सी फाइल द्यायची विसरल्यामुळे येतो. तो टाळण्यासाठी एक सी फाइल दुसरीत इन्क्लूड करण्याची युक्ती काही जण करतात. ती करू नये, कारण पुढे तीच फाइल आज्ञेतही दिली गेली की आपण पुन्हा मल्टिपल डेफिनिशनवर येतो.

एका मॅक्रोच्या साह्याने तेच हेडर एका फाइलमध्ये डेफिनिशन आणि बाकी ठिकाणी एक्स्टर्न करण्याची पद्धतही जुन्या कोडमध्ये दिसते. ती चालते, पण वाचणाऱ्याला त्रास देते; मी ती वापरत नाही.

येथपर्यंतचे नियम ठाम आहेत. ग्लोबल व्हेरिएबल वापरावे की नाही, हे मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे. मी वर्धा जिल्ह्यात शेतपंपांची स्टार्टर पॅनल आणि जिनिंगमधील यंत्रांचे छोटे कंट्रोलर बनवतो. एटीमेगा३२८पी मध्ये रॅम केवळ २ केबी असते, प्रोग्राम एकट्याने लिहिलेला असतो, आणि अशा ठिकाणी ग्लोबल व्हेरिएबल अजिबात नको हा पुस्तकी आग्रह मला मान्य नाही. मी पाहतो ते एवढेच की त्या व्हेरिएबलमध्ये लिहिणारे किती आहेत. वाचणारे दहा असले तरी हरकत नसते. लिहिणारी फाइल एकच असेल, जशी पातळीच्या बाबतीत सेन्सर.सी आहे, तर साधे एक्स्टर्न पुरते. सुरुवातीला एकदा भरायच्या आणि नंतर केवळ वाचायच्या सेटिंग असतील, तर त्या एका स्ट्रक्टमध्ये, म्हणजे अनेक व्हेरिएबलांच्या एका गठ्ठ्यात, गोळा करून त्या स्ट्रक्टचे एकच एक्स्टर्न ठेवावे, म्हणजे नावांचा पसारा वाढत नाही.

लिहिणारे एकाहून अधिक झाले की माझा निर्णय बदलतो, आणि आपल्या प्रकल्पात अशी वेळ 'मोटार_चालू' या व्हेरिएबलवर येईल. बटण दाबले की मेन.सी ते १ करील, टाकी भरली की सेन्सर.सी ते ० करील, पुढे टायमर जोडला की तोही त्यात लिहील. आपल्याकडे शेतीची वीज ठरावीक तासांना, कित्येकदा रात्री येते, आणि ऑटो स्टार्टर असला की वीज येताच मोटार उचलते. एखाद्या रात्री तीनपैकी एक फेज नसताना मोटार सुरू राहिली तर वाइंडिंग जळते. विहिरीत पाणी नसताना कोरडी चालली तर पंप खराब होतो. अशा वेळी मोटार कोणी सुरू केली, हे चार फाइलींत शोधत बसावे लागू नये. म्हणून 'मोटार_चालू' हे मोटार.सी मध्ये स्टॅटिक ठेवावे, हेडरमध्ये त्याचा उल्लेखही करू नये, आणि हेडरमधून फक्त तीन फंक्शन द्यावीत: मोटार सुरू करण्याची विनंती करणारे, बंद करणारे आणि सध्याची स्थिती सांगणारे. फेजची तपासणी, कोरडी चालण्यापासूनचे संरक्षण आणि बंद झाल्यावर पुन्हा सुरू करण्यापूर्वीची सक्तीची थांबणूक, हे सर्व त्या सुरू करणाऱ्या फंक्शनमध्ये एकाच जागी येते. कोणत्याही फाइलने विनंती केली तरी ती याच दारातून जाते. फंक्शन बोलावण्याला थोडा वेळ लागतो हे खरे, पण मोटारीच्या कामात काही मायक्रोसेकंदांचा हिशेब करण्याची गरज नाही. स्टॅटिक शब्दाचा हाच योग्य उपयोग आहे: सी फाइलमध्ये, लपवण्यासाठी.

चिपवर गेल्यावर आणखी एक बाब येईल. पाइपातील प्रवाह मोजणारा सेन्सर जोडला आणि त्याचे पल्स इंटरप्टमध्ये, म्हणजे मुख्य काम क्षणभर अडवून मध्येच चालणाऱ्या फंक्शनमध्ये, मोजू लागलात, तर ते मोजणीचे व्हेरिएबल इंटरप्ट आणि मुख्य लूप यांच्यात सामायिक होते. त्याला 'व्होलाटाइल' लावावे, आणि ते हेडरमधील एक्स्टर्नच्या ओळीतही लावावे. नाही तर कंपायलर जुनी किंमत रजिस्टरमध्ये धरून बसू शकतो. एवढ्याने भागत नाही. एटीमेगा ही ८ बिटांची चिप आहे आणि इंट १६ बिटांचा, त्यामुळे तो दोन तुकड्यांत वाचला जातो. मोजणी २५५ असताना खालचा बाइट वाचून झाला, तेवढ्यात इंटरप्ट येऊन मोजणी २५६ झाली आणि मग वरचा बाइट वाचला, तर हाती ५११ येतात. म्हणून वाचताना क्षणभर इंटरप्ट बंद करून किंमत स्थानिक व्हेरिएबलमध्ये उतरवून घ्यावी. हे कामसुद्धा मालक फाइलमधील एका फंक्शनमध्ये ठेवावे, म्हणजे कोणी विसरण्याचा प्रश्न उरत नाही.

स्थिर आकड्यांविषयी थोडक्यात: सी मध्ये 'कॉन्स्ट इंट मर्यादा = ८०;' हेडरमध्ये लिहिले तर पुन्हा मल्टिपल डेफिनिशन येते, सी++ मध्ये येत नाही. सी++ वापरणाऱ्या अर्डुइनोवरून आलेल्यांचा येथे हमखास गोंधळ होतो. अशा आकड्यांसाठी डिफाइन किंवा इनम वापरावे.

वीज गेल्यावर किंमत न टिकण्याचे कारण साधे आहे. ग्लोबल व्हेरिएबल प्रोग्राम चालू आहे तोवर जगते, आणि ते रॅममध्ये असते. चिप पुन्हा सुरू झाली की मेन सुरू होण्यापूर्वीच किंमत दिलेली व्हेरिएबल त्या किमतीवर आणि बाकीची शून्यावर आणली जातात. टिकवायचे असेल ते ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी किंमत जपणाऱ्या मेमरीत, लिहावे. या चिपमध्ये ते १ केबी आहे. त्याच्या प्रत्येक जागेची लेखनमर्यादा सुमारे १ लाख वेळा आहे, आणि दर सेकंदाला एकदा त्याच जागी लिहिले तर ती २८ तासांच्या आत गाठली जाते. म्हणून लूपमध्ये सरसकट न लिहिता किंमत बदलली तरच लिहावे. एव्हीआर या चिपच्या कुटुंबाच्या लायब्ररीतील 'अपडेट' प्रकारची फंक्शन हेच करतात. मोटार स्वयंचलित आहे की हाती आणि मर्यादा किती टक्के आहे, या सेटिंग तेथे ठेवाव्यात. पातळी तेथे ठेवू नये. वीज नसलेल्या तासांत टाकीतील पाणी वापरले गेलेले असते, त्यामुळे जपून ठेवलेला आकडा खोटा ठरतो; वीज आल्यावर ती −१ वरूनच सुरू व्हावी आणि सेन्सर.सी ने पहिले मोजमाप पूर्ण करेपर्यंत मोटार.सी ने सुरू करण्याची विनंती नाकारावी.